बोर्निओला जायचंय, पण चार आठवड्यांत काय होणार?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय २६, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, सलग चार आठवडे रजा मिळण्यासारखी आणि साठवलेले अडीच लाख रुपये. बोर्निओत किंवा अ‍ॅमेझॉनमध्ये वर्षावन वाचवण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून जायचंय. संस्था कशी निवडायची, काम आपण करायचं तर वर पैसेही आपणच का भरायचे, आणि आई विचारते, "सह्याद्रीत काय जंगल कमी पडलंय?", तिला काय सांगायचं.

मी वनस्पतिशास्त्र शिकले. गेली वीसेक वर्षं मुळशीच्या बाजूला स्थानिक झाडांची रोपवाटिका चालवते. मधल्या काळात साबामध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या मलेशियाकडे असलेल्या उत्तर भागात, तीन हंगाम आणि पेरूत एक हंगाम काम केलं. पहिल्यांदा पैसे भरून, नंतर कामावर म्हणून. जे लिहितेय ते या एवढ्या अनुभवावरून. आफ्रिकेतल्या जंगलात मी काम केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलणार नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न संस्थेचा नाहीच. तुम्ही परत हिंजवडीला आल्यावर त्या जंगलात तुमच्यामुळे नेमकं काय उरेल, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की संस्था कोणती, पैसे किती, हे सगळं आपोआप सुटत जातं.

२००४ साली मी पहिल्यांदा साबाला गेले. एका प्रकल्पाकडे तीन आठवड्यांचे पैसे भरले होते. आम्ही वेगवेगळ्या देशांतले बारा जण. किनाबातांगान नदीच्या काठावर एका आठवड्यात आम्ही तीनशेच्या वर रोपं लावली. प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काठी, काठीवर नंबर. शेवटच्या रात्री सगळ्यांचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच भागात गेले, तेव्हा होडीवाल्याला सांगून मुद्दाम त्या जागी उतरले. लालांग नावाचं तिथलं गवत, पातं धारदार, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. काठ्या बऱ्याचशा उभ्या होत्या, नंबरही वाचता येत होते. जिवंत रोपं मोजली. अकरा. त्या गवतात मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

आम्ही रोपं चुकीची लावली होती असं नाही, निदान सगळी तरी नाही. आम्ही गेल्यावर तिथे कुणी फिरकलंच नव्हतं. रोप जमिनीत लावणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. पुढची तीन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी भोवतीचं गवत आणि वेली काढाव्या लागतात, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भराव्या लागतात, पूर येऊन गेला की वाकलेली रोपं उभी करावी लागतात. किनाबातांगानच्या काठावर तर हत्तींचा वावर आहे, एक कळप फिरला की ओळीच्या ओळी तुडवल्या जातात. आपल्याकडे टेकडीवर झाडं लावणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पाच जूनला खड्ड्याभोवती गर्दी असते, एप्रिलमध्ये पाण्याचे कॅन उचलायला चार जण असतात. तिथेही तेच आहे, फक्त टेकडीला जायला विमान लागतं.

म्हणून कुठल्याही प्रकल्पाला माझा पहिला प्रश्न असतो: स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत हे काम कोण करतं? उत्तरात गावातल्या माणसांचा उल्लेख आला, त्यांना महिन्याचा पगार आहे, त्यांच्यातलाच कुणी मुकादम आहे, तर पुढे बोलायचं. "आमच्याकडे वर्षभर स्वयंसेवक येत राहतात" असं उत्तर आलं तर मी तिथेच थांबते. दर दोन आठवड्यांनी नवे हात, प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवायचं, आणि गावातल्या ज्या माणसाला रोजगार मिळाला असता त्याच्या जागी फुकट राबणारा, उलट पैसे देणारा पाहुणा. असल्या व्यवस्थेत जंगलाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. त्याच नदीवर बाटू पुतेह गावात गावकऱ्यांची सहकारी संस्था आहे. पाहुण्यांची घरोघरी सोय करते आणि जंगल लावायचं कामही करते. आपल्याला सहकार कळतो, त्यामुळे हिशेब कुणी कुणाला द्यायचा हे तिथे चटकन लक्षात येतं. अशा धर्तीचं ठिकाण शोधा.

आता अननुभवी माणसाचा उपयोग होतो की नाही. होतो, पण ते हंगामावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते. बोर्निओच्या सखल जंगलातली मोठी झाडं, मेरांटी आणि त्यांचे भाऊबंद, आपल्या सालवृक्षाच्या कुळातली. २०१९ साली साबातल्याच डानम खोऱ्यातलं एक मेरांटीचं झाड मोजलं, ते शंभर मीटरच्या वर भरलं, म्हणजे तीस मजली इमारतीएवढं. ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन वर्षं, पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ गप्प बसतात, आणि मग एखाद्या वर्षी शेकडो मैलांवरची झाडं एकदम फुलतात. दोन-तीन, कधी पाच पंखांची फळं गरगरत खाली येतात. बी काही दिवसांत रुजतं किंवा मरतं. डब्यात भरून ठेवता येत नाही, वाळवलं की संपलं. सालाचं असंच आहे, आपल्या जांभळाचंही थोडंफार असंच. त्यामुळे असं फळायचं वर्ष आलं की तीन-चार आठवड्यांत जेवढं बी आणि जेवढी कोवळी रोपं जंगलातून गोळा होतील तेवढ्यावर पुढच्या कित्येक वर्षांची रोपवाटिका चालते. त्या दिवसांत कुणीही, अगदी काल उतरलेला माणूससुद्धा, उपयोगाचा असतो. ते वर्ष नसेल तर तेच चार आठवडे तुम्ही बहुधा पिशव्या भरत आणि तण काढत घालवाल. तेही काम आहे, पण अपेक्षा तशी ठेवून जा. तिथल्या लोकांना मेलमध्ये सरळ विचारा, यंदा झाडं फळायची चिन्हं आहेत का. त्यांना हा प्रश्न आवडतो.

पिशव्या भरण्यावरून एक सांगते. दुसऱ्या हंगामात मी रोपवाटिकेत होते, शेडनेटखाली, एका वयस्कर बाईंच्या हाताखाली. सगळे त्यांना माकचिक म्हणायचे, म्हणजे मावशी. मी जंगलातून आणलेली वीतभर रोपं पिशवीत लावत होते. माती थोडी नर्सरीतली, थोडी मोठ्या झाडाखालून आणलेली, कारण या झाडांच्या मुळांना एका बुरशीची सोबत लागते आणि ती जंगलाच्या मातीतूनच येते. माझी चाळीसेक रोपं झाली होती, सगळी ताठ, हिरवीगार. माकचिकनी त्यातली एक पिशवी उचलली, ब्लेडने उभी कापली आणि माती हलक्या हाताने झाडली. मूळ तळाशी जाऊन हुकासारखं वर वळलं होतं. मी भोक पुरेसं खोल न करता रोप आत दाबलं होतं. एक शब्द न बोलता त्यांनी काठीने नव्या पिशवीत सरळ भोक पाडलं, रोप जरा जास्त खोल सोडलं, मग बोटभर वर ओढलं, म्हणजे मूळ सरळ होतं, आणि दोन अंगठ्यांनी माती दाबली. मग उरलेल्या एकोणचाळीस पिशव्या माझ्यापुढे सरकवल्या.

दुमडलेल्या मुळाचं रोप दोन-तीन वर्षं अगदी छान दिसतं. नंतर वाढ खुंटते, नाहीतर एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. तोवर ते लावणारा स्वयंसेवक आपल्या देशात कधीच परतलेला असतो. आपली चूक आपल्याला कळतच नाही, हा थोड्या दिवसांच्या मदतीतला मला वाटणारा सगळ्यात मोठा धोका आहे. तेव्हापासून माझ्या रोपवाटिकेत नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या पिशव्यांतली प्रत्येक दहावी मी कापून बघते. तुम्ही जाल तिथे तुमचं काम कुणी तपासतं का, हे जरूर विचारा. तपासत असतील तर ती जागा चांगली.

तुमच्या बाबतीत मला एक वेगळी गोष्ट सुचते. तुम्ही टेस्टिंग करता. चूक कुठे लपली असेल ते शोधायची तुम्हाला सवय आहे, आणि जंगलातल्या प्रकल्पांत ही माणसं फार कमी असतात. कॅमेरा ट्रॅपचंच घ्या. झाडाला बांधलेला कॅमेरा समोरून काही हललं की फोटो काढतो. तीन महिन्यांत हजारो फोटो जमतात आणि त्यातले बहुतेक वाऱ्याने हललेल्या पानांचे असतात. पेरूत आमच्या एका कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बदलताना मूळ तारखेवर गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे फोटो अनेक वर्षं मागच्या तारखेचे. कोणता प्राणी दिवसा फिरतो आणि कोणता रात्री, याचं कोष्टक त्यामुळे भलतंच निघालं. एका इंजिनिअर मुलीने भरदुपारच्या उन्हातल्या फोटोवर मध्यरात्रीची वेळ बघितली आणि मग सगळा घोटाळा उलगडला. तेव्हापासून कॅमेरा बसवताना पाटीवर तारीख-वेळ लिहून पहिला फोटो त्या पाटीचा काढायचा, असा नियम झाला. ती मुलगी पाच आठवडे होती. तिने केलेली फोटोंच्या फोल्डरची मांडणी आणि तपासणीची यादी ती गेल्यावरही वापरात राहिली. मघाशी म्हटलं ना, तुमच्यामागे काय उरेल, त्याचा हा नमुना.

तेव्हा मेल लिहिताना "मला निसर्गाची आवड आहे" याने सुरुवात करू नका. मला अमुक येतं, तुमच्याकडे नोंदी कशा ठेवता, त्यात माझी मदत होईल का, असं लिहा. अर्धा दिवस रोपवाटिका, अर्धा दिवस नोंदी, असं मागून घ्या. संगणकावरच बसायचं तर तिथे कशाला जायचं असं वाटेल, पण कॅमेरा कुठे कसा बांधतात, कार्ड कोण काढतं, पावसात काय होतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंदींतल्या चुका कळत नाहीत. एकदा बघून आलात की पुढची दोन वर्षं पुण्यात बसून शनिवारी-रविवारी त्यांचे फोटो तपासून देऊ शकता. असा माणूस मिळाला तर कुठलाही प्रकल्प त्याला सोडणार नाही.

पैशांचं. शुल्क घेणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं जेवण, राहणं, होडीचं डिझेल, शिकवणाऱ्याचा वेळ, याला खर्च येतो आणि तो गरीब गावाने का सोसावा? माझ्या पाहण्यात आठवड्याला ३०० डॉलरपासून १००० डॉलरच्या पुढेपर्यंत आकडे आहेत, आणि महाग म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. मधली एजन्सी असेल तर ती किती ठेवते आणि गावात किती पोचतात, हे लेखी विचारा. प्रामाणिक माणसं आकडा सांगतात. तिकीट, विमा, लसी आणि बुटांसाठी लाखभर बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल तेच ठिकाण बघा. कर्ज काढून जाऊ नका.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडत नाही. ओरांगउटानच्या पिल्लाला कडेवर घेता येईल, बाटलीने दूध पाजता येईल, अशी जाहिरात दिसली तर ते पान बंद करा. आपली साधी सर्दी त्यांना जिवावर बेतू शकते, आणि माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पिल्लू जंगलात परत सोडणं अवघड होऊन बसतं. चांगल्या पुनर्वसन केंद्रात आठवड्याच्या पाहुण्याला पिंजऱ्यापाशीही जाऊ देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

बोर्निओ की अ‍ॅमेझॉन? चार आठवड्यांसाठी मी बोर्निओ म्हणेन. पेरूला पोचायलाच दोन दिवस जातात, आणि स्पॅनिश येत नसेल तर मुकादम काय सांगतोय ते कळण्यात पहिला पंधरवडा जाईल. अ‍ॅमेझॉनचंच मनात असेल तर पुण्यात स्पॅनिशचे वर्ग आहेत, वर्षभर शिका आणि तीन महिन्यांसाठी जा. पेरू, इक्वेडोर, ब्राझील यांच्यासाठी पीतज्वराची लस हवी. ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. कार्ड नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे रजेचा आठवडा तिथेच गेला.

साबासाठी ती लस लागत नाही, पण तिथे माकडांकडून माणसाला होणारा मलेरिया आहे आणि तो अंगावर काढण्यासारखा नाही. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तरी पुण्यातल्या डॉक्टरांना "मी बोर्निओच्या जंगलात होते" हे पहिलं वाक्य सांगायचं. लेप्टोही आहे, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, त्यामुळे पायाला जखम असेल तर नदीत उतरू नका. आपल्याकडची साप चावल्यावर देतात ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनते, तिथले विषारी साप वेगळे. त्यामुळे जवळचं रुग्णालय किती तासांवर, रात्री होडी मिळते का, हे आधी विचारा आणि जंगलातून उचलून आणण्याचा खर्च देणारा विमा काढा. जळवांना घाबरू नका. ताम्हिणीत पावसाळ्यात फिरला असाल तर ओळख आहेच, तिथे त्या पानांवरूनही येतात इतकंच. व्हिसाचं मात्र पक्कं करा. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश म्हणजे काम करायची परवानगी नव्हे, मग ते काम बिनपगारी का असेना. शिवाय साबाचं इमिग्रेशन स्वतंत्र आहे, क्वालालंपूरला शिक्का बसला तरी साबाची राजधानी कोता किनाबालूला पुन्हा तपासणी होते. संस्थेकडून याचं लेखी उत्तर घ्या.

आता तुमच्या आईचा प्रश्न. मला तो तुमच्या बाकीच्या प्रश्नांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला.

जंगल वाचतं ते तिथल्या माणसांच्या निर्णयांनी, या अर्थाने आई बरोबर आहेत. कोस्टारिकाचं उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात तिथलं जंगल देशाच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं होतं, आज निम्म्याहून जास्त जमिनीवर आहे. कुरणांसाठी जंगल तोडणं परवडेनासं झालं, १९९६ च्या वनकायद्याने जंगल मोडायला बंदी घातली आणि जो जमीनमालक जंगल राखेल त्याला पैसे मिळू लागले. बरंचसं जंगल कुणी लावलं नाही, मोडणं थांबलं म्हणून परत आलं. अमेरिका खंडातल्या अशा परतलेल्या जंगलांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली आला. मूळ जंगलातल्या झाडांच्या एकूण वजनाच्या नव्वद टक्के भरून यायला साधारण ६६ वर्षं लागतात, असं त्यात निघालं. ६६ वर्षं थांबण्याची तयारी तिथे राहणाऱ्याचीच असू शकते.

आणि आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या झालेलं आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानजायफळांची दलदल आहे, पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. गावाने देवराई म्हणून राखली म्हणून ती राहिली. २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ती बघितल्याशिवाय बोर्निओला जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. सदाहरित जंगल म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावर पायाला कळतं.

पण आई पूर्ण बरोबर आहेत असंही मी म्हणणार नाही. बिया साठवता येत नसतील तर काय करायचं, जंगलातली कोवळी रोपं कशी उचलायची, मूळ कसं सरळ ठेवायचं, हे मी साबात शिकले आणि इथे येऊन वापरलं. माझ्या रोपवाटिकेतल्या अर्ध्या पद्धती माकचिकच्या आहेत. तुम्ही तिथे जाऊन जंगल वाचवाल त्यापेक्षा शिकून जास्त याल. हे मनाशी कबूल करून गेलात तर पैसे वाया गेले असं वाटणार नाही, आणि तिथल्या लोकांशी वागण्यातही फरक पडेल.

त्यामुळे माझा सल्ला असा की यंदा नाही, पुढच्या वर्षी जा. हा उन्हाळा पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर रोपांना पाणी घालणाऱ्या गटाबरोबर काढा. मे महिन्यातले चार रविवार, पहाटे साडेपाचला. ते चारही रविवार गेलात तर तुम्ही साबात टिकाल. पावसाळ्यात एखाद्या रोपवाटिकेत हात मातीत घाला. मधल्या वेळात दोन-तीन प्रकल्पांना मेल करा आणि आलेली उत्तरं इथे टाका, मी वाचून मत देईन.

आमच्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जांभळाच्या बिया येतात. ताज्या असतानाच लावाव्या लागतात, त्यामुळे तेव्हा हात कमी पडतात. आईंनाही घेऊन या.